अठराची रेघ

बोरगावहून छिंदवाड्याची बस धरा, पोरांनो. सौसर गेलं, रामाकोना गेलं, की सिल्लेवानीचा घाट लागतो. दिवस पौषाचे आणि बस सकाळची असली तर घाटात एक गंमत पाहायला मिळते. सौसरला खिडकी उघडी टाकून बसलेला माणूस दोन वळणं होताच काच ओढून घेतो. मागच्या बाकावरची म्हातारी पदर कानांवरून घेते. उमरानाला येईपर्यंत अर्धी बस मफलरात. कंडक्टर काही बोललेला नसतो, बाहेर पाटीही नसते. पण त्या चढणीवर कुठेतरी जगाच्या नकाशावरची एक रेघ आपण ओलांडलेली असते, नाहीतर तिच्या अगदी काठाकाठाने गेलेलो असतो. ती रेघ अठरा अंशांची. तिची गोष्ट आज सांगतो.

पण आधी घाटातली थंडी. बोरगाव-सौसरचा भाग समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, छिंदवाडा पावणेसातशेच्या. "आबा, वर गेलं की सूर्य जवळ येते, मग थंडी काहून वाढते?" असं धाकट्यानं विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. सूर्य आहे पंधरा कोटी किलोमीटरवर. त्याला आपल्या सव्वातीनशे मीटरचं काय कौतुक! खरी भानगड हवेची. वर गेलेल्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि फुगण्याच्या कामात स्वतःचीच ऊब खर्च करते. पटत नसेल तर सायकलच्या चाकातली हवा सोडा आणि वॉल्व्हपाशी बोट धरा. भर वैशाखातही बोटाला गारवा लागेल. सरासरीनं हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात. म्हणजे छिंदवाड्याला दोन अंशांचा फरक. तिथून पुढे तामियावरून पचमढीला गेलात, १,०६७ मीटरवर, की साडेचारांच्या पुढे.

आता रेघेचा मालक. व्लादिमीर कोपेन त्याचं नाव. १८४६ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, जर्मन घराण्यात जन्मला. शिकायला होता पार दक्षिणेला, क्राइमियातल्या सिम्फेरोपोलला. सेंट पीटर्सबर्ग आणि सिम्फेरोपोल यांच्यामध्ये अख्खा रशिया. उत्तरेची सूचीपर्णी जंगलं संपायची, मग नुसतं गवत, क्षितिजापर्यंत गवत, आणि क्राइमियाच्या दक्षिण किनाऱ्याला पोचलं की द्राक्षं. दुसरं पोरगं झोपलं असतं गाडीत. यानं पाहिलं की झाडं कुठेही कशीही बदलत नाहीत, ठराविक जागी बदलतात. तिथे काय बदलत असेल, हा प्रश्न त्याला जो चिकटला तो ९३व्या वर्षी मरेपर्यंत. १८७५मध्ये तो हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत नोकरीला लागला, १८८४मध्ये त्यानं उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा काढला, १९००मध्ये जगाच्या हवामानाची वाटणी मांडली, आणि मग १९१८, १९३६ असं करत तीच वाटणी तो पुन्हा पुन्हा तासत राहिला. त्याच्यानंतर रुडॉल्फ गायगर यानं ते काम पुढे नेलं. आज शाळेच्या भूगोलात जो नकाशा आहे तो या दोघांचा.

त्याच्या आधी वाटणी नव्हती असं नाही. ग्रीक लोकांनी दोन हजारांवर वर्षांपूर्वी पृथ्वीचे पट्टे पाडले होते: मध्ये उष्ण, दोन टोकांना थंड, त्यांच्या मधोमध समशीतोष्ण. ॲरिस्टॉटल तर म्हणाला की उष्ण पट्ट्यात माणूस राहूच शकत नाही, इतका तिथे जाळ. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं वरून जातं आणि आपण त्याच्या दक्षिणेला. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या हिशोबात बोरगावात कोणी नसायला हवं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्टँडवर उभं राहिलं की वाटतं, म्हातारा अगदीच चुकला नव्हता.

कोपेनची युक्ती अशी: जगात बहुतेक ठिकाणी तापमापक नाही, पण झाड आहे. झाडाला रोज आकडे लिहायचे नसतात, तरी वर्षभराचा हिशोब त्याच्या अंगावर असतो. आल्फाँस द कांदोल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडांचे उष्णता आणि ओल यांवरून पाच गट केले होते. कोपेननं त्या पाचांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आणि प्रत्येकाच्या सीमेला आकडा शोधला. सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंशांच्या खाली जात नाही, तिथे थंडी न सोसणारी झाडं निर्धास्त वाढतात, ते ए. थंड महिना १८ आणि उणे ३ यांच्या मध्ये, ते सी. त्याहून खाली गेला, पण उन्हाळ्याचा एक तरी महिना १० अंशांच्या वर आला, ते डी, मॉस्को, सायबेरिया. जिथे सर्वांत ऊबदार महिनाही १० गाठत नाही तिथे झाड उभंच राहत नाही. ते ई, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. नागपूरचा डिसेंबर वीस-एकवीसच्या सरासरीचा, म्हणून नागपूर ए, आणि त्याच मैदानाच्या कडेला बसलेलं आपलं बोरगावही ए. पचमढीचा जानेवारी पंधरा-सोळाचा, म्हणून पचमढी सी. छिंदवाडा बरोबर काठावर. ती आपली अठराची रेघ.

थोरली हुशार. ती म्हणाली, "आबा, बी राहिला." राहिला नाही, मी मुद्दाम मागे ठेवला. बाकीची चार अक्षरं उष्णतेची, बी एकटं कोरडेपणाचं, आणि मला विचाराल तर कोपेनचं खरं डोकं इथे दिसतं.

कोरडा मुलूख म्हणजे जिथे पाऊस कमी, असं आपण धरून चालतो. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सोलापूरला सातशेच्या आसपास. मग सोलापूरची ज्वारी माना टाकते आणि लंडनची हिरवळ बारा महिने ओली, हे कसं? कोपेननं याचा जमाखर्च मांडला. आभाळ देतं ती जमा, ऊन वसूल करतं तो खर्च. कागद घ्या आणि आपल्याकडचा हिशोब करा. जिथे पावसाचा सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा उन्हाळी सहामाहीत पडतो तिथे वर्षाच्या सरासरी तापमानाला २०नं गुणायचं आणि २८० मिळवायचे. (एप्रिल ते सप्टेंबर हा कोपेनचा उन्हाळा, आपला पावसाळा त्याच्या वहीत उन्हाळ्यातच पडतो, त्याला इलाज नाही.) नागपूरची सरासरी २७. विसानं गुणले, ५४०. अधिक २८०, झाले ८२० मिलिमीटर. एवढा तर उन्हाचाच दावा. नागपूरला पडतो अकराशेच्या आसपास, म्हणजे दावा भागवून शिल्लक उरते. सोलापूरची सरासरीही तेवढीच, दावाही तेवढाच, पण जमा सातशे. खातं तुटीत, म्हणून सोलापूर बी. जमा दाव्याच्या निम्म्याखाली, म्हणजे ४१०च्या खाली गेली की सरळ वाळवंट. जैसलमेर तिथे बसतं. आता लंडन. तिथे पाऊस वर्षभर सारखा, म्हणून २८०ऐवजी १४० मिळवायचे. सरासरी ११. विसानं गुणून २२०, अधिक १४०, झाले ३६०. पडतो सहाशे. सोलापूरपेक्षा पाऊस कमी आणि तरी घर भरलेलं.

मिळवायचे आकडे वेगळे का, तेही सांगतो. हिवाळ्यात पडलेलं पाणी उन्हाच्या तावडीत सापडत नाही, जमिनीत मुरतं. आपला पाऊस पडतो तोच तापलेल्या दिवसांत; अर्धा तर डोळ्यांदेखत वाफ होऊन जातो.

ए या अक्षरापुढे कोपेन आणखी एक बारकं अक्षर लावतो. आपलं डब्ल्यू, हिवाळा कोरडा, असं त्याचं म्हणणं. त्याची साक्ष पुस्तकात शोधायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्याच्या गोटमारीला, जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात तेव्हा तिथे पाणी खेळत असतं. चैत्रात त्याच काठावर जाऊन पाहा. सिल्लेवानीचा सागही तेच सांगतो: पाणी संपत आलं की पानं गाळून टाकतो, कारण पान म्हणजे वाफ, आणि वाफ परवडत नाही. पळस तर पानं टाकून, नागडा होऊन, मग फुलतो.

आता हे सगळं असं का, याकडे येऊ. पहिला कारभारी सूर्य. मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात एक काठी ओळंब्यानं सरळ रोवा. रोज सव्वाबाराच्या सुमारास सावली पाहा. ती आखडत जाते, आणि एका दुपारी काठीच्या बुडात गडप होते. सूर्य नेमका डोक्यावर. पुढची गोष्ट आणखी मजेची: त्यानंतर भर दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली उलटी! सूर्य आपल्याला ओलांडून कर्कवृत्तापर्यंत जातो आणि जुलैच्या मध्यावर परत डोक्यावरून दक्षिणेला येतो. तेव्हा ढग असतात, म्हणून तो परतीचा दिवस कोणाला दिसत नाही. दिल्लीवाल्यांना यातलं काहीच मिळत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

पण नुसत्या सूर्यानं भागत नाही. मुंबई आपल्याहूनही दक्षिणेला, तरी तिथल्या जानेवारी आणि मे यांच्या सरासरीत सहा अंशांच्या आसपास फरक. नागपूरला डिसेंबर आणि मे यांच्यात चौदा-पंधरा. कारण मुंबईच्या दाराशी समुद्र आहे. पाणी तापायला वेळ लावतं आणि निवायलाही. आपल्याकडे चारी बाजूंनी दगड-माती. सकाळी तापली, रात्री निवाली. नागपूरनं २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिले, ते या जमिनीच्या जोरावर. समुद्रापासून याहून दूर गेलं की काय होतं ते सायबेरियातल्या याकुत्स्कला विचारा: जानेवारीची सरासरी उणे अडतीसच्या घरात, जुलैची एकोणीस-वीस. आणि जवळजवळ तेवढ्याच उत्तरेला नॉर्वेचं बर्गन, तिथे जानेवारीही सरासरीनं शून्याच्या वर, कारण अटलांटिकचा ऊबदार प्रवाह तिथवर येतो. समुद्र नेहमी उपकारच करतो असंही नाही. चिलीचं आरिका समुद्राला लागून आहे आणि वर्षाला एक मिलिमीटरही पाऊस नाही. किनाऱ्यालगतचा प्रवाह थंड, त्यावरची हवा जड, ती वर चढत नाही, ढग होत नाही.

आपला पाऊस कुठून येतो, हे मात्र नीट ऐका, कारण इथे बहुतेक लोक अर्धीच गोष्ट सांगतात. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला धडकतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर ओततात, आणि पलीकडे उतरलेली हवा तापत, कोरडी होत जाते. म्हणून नगर-सोलापूर तुटीत. या न्यायानं आणखी पूर्वेला आपण तर पार सुकायला हवं. पण तसं होत नाही. मराठवाडा ओलांडून पूर्वेकडे आलं की पाऊस पुन्हा वाढू लागतो; नागपूर अकराशे, गडचिरोलीला त्याहून जास्त. कारण आपल्याला दुसरं दार आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेला, वायव्येला सरकतात. त्यांच्या नैर्ऋत्येच्या अंगाला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, आणि तो टापू म्हणजे विदर्भ आणि आपला सातपुडा. श्रावणात झड लागते ना, तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही? ती बहुतेकदा बंगालची देणगी. ज्या वर्षी हे पट्टे वाट चुकून उत्तरेकडून निघून जातात, त्या वर्षी आपली सोयाबीन आभाळाकडे पाहत बसते.

आणि संत्रा. या सगळ्या शास्त्राचा आपल्या भागात कोणी पुरेपूर उपयोग केला असेल तर तो संत्र्याच्या बागवानानं. संत्र्याच्या झाडाला सुखात ठेवलं तर ते नुसती पालवी फोडत राहतं. त्याला ताण बसला तर ते फुलतं. आपल्या हवेत असा ताण वर्षातून दोनदा आयता मिळतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीनं झाडाची वाढ थांबते. बागवान वरून पाणी तोडतो. पुढे ऊब वाढली की पाणी सोडायचं, की आंबिया बहार. तो नाही धरला तर उन्हाळ्यात पाणी तोडायचं. पानं दुपारी दुमडतात, मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग मृगाचा पाऊस पडतो आणि झाड पांढरं होतं. तो मृग बहार. म्हणजे एका बहाराला आपली थंडी लागते आणि दुसऱ्याला आपला कोरडा उन्हाळा. ज्या मुलखात वर्षभर सारखी ओल आणि सारखी ऊब, तिथे हा खेळ खेळताच येत नाही. उलट आपल्याकडेही ताणाच्या मध्येच अवकाळी सर आली की ताण तुटतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून विक्षोभ आला, त्याला दक्षिणेची दमट हवा मिळाली, की गारा. दहा मिनिटांची गार, वर्षाची बाग. कोपेनच्या दोन अक्षरांत गारेला जागा नाही.

तेवढंच नाही, त्याच्याबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. त्याच्या नकाशात मुंबई आणि नागपूर एकाच रंगात येतात. ज्यानं दोन्हीकडचा मे महिना काढलाय तो हे कसं मान्य करील? सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट नावाच्या अमेरिकन माणसालाही असंच वाटलं. १९४८मध्ये त्यानं महिन्या-महिन्याचा पाण्याचा हिशोब मांडला: पाऊस किती, झाडं आणि जमीन मिळून वाफ किती करू शकतील, मातीत किती साठलं. मातीला हिशोबात घेतलं, हे फार बरं केलं. पुढे नागपूरला, आपल्यापासून दोन तासांवर, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, तिथल्या लोकांनी हवा, माती आणि पिकाला मिळणारे ओलीचे दिवस असं सगळं धरून देशाचे २० कृषी-पारिस्थितिक प्रदेश पाडले. माती किती बोलते ते पचमढीच्या वाटेवर दिसतं. आपल्या काळ्या दगडावर, बेसॉल्टवर, साग. पुढे वालुकाश्म लागला की साल. पचमढीचं सालवन हे सालाच्या मुलखापासून तुटून पश्चिमेला राहिलेलं एकटं बेट. केवळ हवा पाहून साल इथे का आणि तिथे का नाही, हे सांगता येत नाही. पचमढीच्या ओल्या दऱ्यांत झाडाएवढे नेचे आहेत, ते मात्र कोपेनला खूश करतील.

या कोपेनला एक जावई होता, आल्फ्रेड वेगेनर. खंडं सरकतात, असं म्हणणारा. लोक हसले, सासरा हसला नाही. १९२४मध्ये दोघांनी मिळून जुन्या काळच्या हवामानावर पुस्तक लिहिलं. पृथ्वीवरचे ए, बी, सी, डी, ई कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठे होते, हे त्यांनी दगडांतून शोधलं. कोळसा म्हणजे ओल, मीठ म्हणजे वाळवंट, घासलेले गोटे म्हणजे बर्फ. त्यांच्या कामाचे पुरावे आपल्या जिल्ह्यांच्या पोटात आहेत. परासियाला कोळसा निघतो तो गोंडवन काळातल्या दलदलींचा, आणि मध्य भारतात त्या कोळशाच्या खालच्या थरांत हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे सापडतात, तीसेक कोटी वर्षांपूर्वीचे. आपला भाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. त्यानंतर पुष्कळ काळानं, लाव्हाचे थर पडत असताना, दोन थरांच्या मधल्या तळ्यांत झाडं गाडली गेली. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलांला त्यांचे जीवाश्म मिळतात. बिरबल साहनींनी १९३०च्या दशकात त्यांच्यावर काम केलं. तिथे निपा ताडाचं फळ सापडलंय. हा ताड आज सुंदरबनात, भरती-ओहोटीच्या चिखलात उगवतो. छिंदवाड्याला खाडीचा ताड! म्हणजे तेव्हाही अक्षर ए होतं, आणि सोबत खारं पाणी जवळपास होतं.

धाकटा विचारत होता, रेघ हलते का. हलते. एक अंश ऊब वाढली की ती दीडशे मीटर डोंगर चढते. साडेसहाला हजार, तर एकाला दीडशे, तुम्हीच भागून पाहा. नवे नकाशे एकेका किलोमीटरच्या चौकोनानं काढतात आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांचेही काढतात. पचमढीला दोन अंशांची सवड आहे, छिंदवाड्याला नाही. आणि खाली आपल्याकडे, आंबिया बहाराला डिसेंबरची जी थंडी लागते, तिचा आकडा कोपेनच्या वहीत नाही. तो बागवानाला विचारा, आणि दरवर्षी लिहून ठेवा.